रेशमाला अडकणारी बोटं

"साडी पायरीवर ठेव अन् मागं सर," सावकार माझ्या चिरलेल्या बोटांकडं बघत म्हणाला.

मी ठेवली. मागं सरले. त्याच्या गड्यानं छत्रीच्या दांड्यानं घडी उचलली. मी उभी होते तिथं पाणी शिंपडलं. आत गादीवर गिऱ्हाइकं बसलती. त्यातल्या एका बाईनं नाकाला पदर लावला.

ती साडी मी विणलती. अठरा दिवस.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही शहापूरचे विणकर. नवऱ्याचा उजवा हात टांग्याखाली सापडून कामातून गेला, तेव्हापासून मागावर मी बसायची. माल बेळगावातल्या ह्या एकाच पेढीवर जायचा. पेढीवर स्वराज्याच्या गप्पा चालायच्या. पायरीखाली उभी राहून मी बी ऐकलेल्या.

दुखणं लग्नानंतरचं. कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांवर लाल चट्टे. त्यावर पांढरे खवले. पाऊस उघडून कोरडा वारा सुटला की सुरू. दिवाळीला बोटं चिरायची. संक्रांतीला मूठ मिटायची न्हाय. चैत्राचं ऊन तापलं की ओसरायचं. सासू म्हणायची, देवीनं ऐकलं. दसरा गेला की पुन्हा तेच. आणि लग्नाच्या साड्या नेमक्या थंडीत विणायच्या. नेमकं तेव्हाच रेशीम.

चिरलेलं बोट रेशमाला अडकतं. तार ओढली जाते. तेल लावावं तर रेशमावर डाग. म्हणून मी पहाटे उठून खोबरेल चोळायची, उजाडलं की बेसनानं हात कोरडे करायची, मग मागावर. तासाभरात पुन्हा चिरा. रक्त आलं की चिंधी. एका साडीवर ठिपका पडू दिला न्हाय मी. एकाही.

पेढीवरची गोष्ट गल्लीत पोचली. महारोग म्हणाले. विहिरीवर माझी घागर बाजूला. सासूनं माझं ताट वेगळं केलं. रडत केलं, पण केलं.

मला वाटलं काम गेलं. आठवड्यानं सावकाराचा निरोप आला. साड्या पाहिजेत, तशाच काठाच्या. फक्त मी यायचं न्हाय. नवऱ्यानं आणायच्या, आणि आपणच विणतो म्हणून सांगायचं.

नवरा गेला. वाकडा हात उपरण्याखाली झाकून. तीन हिवाळे असं चाललं. मी मागच्या खोलीत, कुणाला दिसणार न्हाय अशी. मला वाटायचं, माझंच कायतरी पाप.

चौथ्या वर्षी निपाणीला दिलेली माझी धाकटी बहीण आली. माझं वेगळं ताट तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरानं मला डोळे मिटायला लावले. चट्ट्यांवर टाचणी टोचली. टोचल्यावर सांगा म्हणाला. मी दर वेळी सांगितलं.

"महारोगाच्या चट्ट्यावर टोचलेलं कळत नाही. तुम्हाला सगळं कळतंय," तो म्हणाला. "हा महारोग नाही. कुणाला लागत नाही. पण मुळातून जाणारही नाही. थंडीत वाढेल, उन्हात कमी होईल. सकाळचं ऊन घ्या, तेल लावा, खवले ओरबाडू नका."

त्यानं रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं. जिभेवर बसलं न्हाय. चिठ्ठीवर लिहून घेतलं.

परत येताना बहीण खूश होती. मी न्हवते. माझ्या डोक्यात एकच. महारोग असता तर? तरी काय माझ्या साडीला दांडा लावायचा? आणि लागणारा रोग म्हणून लावला, तर साड्या परत कशा मागितल्या? त्याला माझा हात नको होता असं न्हाय. माझा हात दिसायला नको होता.

मार्गशीर्षात पुढची साडी झाली. बोटं लई चिरलेली. नवरा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, बसा. चिंध्या सोडल्या आणि एकटी गेले. पायरी चढले. गादीवर, सगळ्यांसमोर, साडी माझ्या हातानं पसरली.

"ही मी विणली," म्हटलं. "ह्या हातांनी. आधीच्या बी."

मी चिठ्ठी पुढं केली. सावकारानं ती घेतली न्हाय. एका बाईनं मांडीवर आलेला साडीचा पदर झटकला. सावकार उठून माझ्याजवळ आला, हळूच बोलला. "बाई, असं करू नगं. नवऱ्याच्या हातनं पाठवत जा. तुझं बी चालंल, माझं बी."

"न्हाय," मी म्हटलं.

साडी घडी करून घरी आणली. त्या दिवसापासून पेढीसाठी रेशीम विणणं बंद. सासू भांडली. नवरा महिनाभर बोलला न्हाय. घरात एक वेळ चूल पेटायची. ते खोटं सांगणार न्हाय.

मग मी सुती लुगडी विणायला घेतली. ती घेऊन निपाणीला जाते, बाजारात बहिणीसोबत उन्हात बसते, बाह्या वर करून. काही बाया हात बघतात आणि लुगडं ठेवून देतात. काही विचारतात. मी सांगते, लागत न्हाय, जात बी न्हाय.

यंदाचा वारा सुटलाय. बोटं चिरायला लागलीत. दुखणं माझं हाय, ते मी सांभाळीन. त्याची लाज माझी न्हवती, ती मी पुन्हा अंगावर घेणार न्हाय. लुगडं पाहिजे त्यानं माझ्या हातनं घ्यावं. नको असंल त्यानं पुढं जावं.