पाहुण्यांचं हेल्मेट

चूक माझीच. ऑफिसच्या दाराशी खुंट्यांवर चार पांढरी हेल्मेटं लटकत होती. मला वाटलं, आली एकदाची आपल्यासाठी. एक घातलं. शेठच्या भाच्याच्या गाडीच्या आरशात पाहिलंसुद्धा. पणजोबा इंदूर संस्थानच्या फौजेत होते. मी तेलाच्या डब्यांच्या गोदामात. तरी छाती फुगलीच.

भाचा आला. माझ्या मुलाच्या वयाचा. सगळ्यांसमोर त्यानं ते माझ्या डोक्यावरून उचललं. टकलावर टकटक केलं. "काकाजी, ये मेहमानों का है. अंदर है क्या, जो बचाओगे?"

सगळे हसले. मीही. सगळ्यात मोठ्यानं.

त्याच दुपारी रॅक कलला. त्याचा एक पाय फोर्कलिफ्टच्या धडकेनं कधीचा वाकला होता. आम्ही सांगितलंही होतं. वरचे डबे खाली आले. डोकं वाचलं, उजवा खांदा गेला. दुखलं नाही. हात लटकत होता आणि मी बघत होतो, किती डब्यांना पोचे आले.

प्लास्टर निघालं. पण तीन बोटं अजून माझी नाहीत. चहा गरम की गार, ते डाव्या हाताला विचारतो.

आमच्या गोदामात एक रीत आहे. ज्याला लागलं, त्यानं परत आल्यावर रॅकपुढे नारळ फोडायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, गलती मेरी थी. मग पोहे-जिलेबी. मग काम.

भाच्यानं नारळ दिला. उजव्या हातात. तो पडला, गडगडत रॅकच्या त्याच पायाशी गेला. पाय तसाच वाकडा. फक्त नवा रंग फासलेला.

"अरे काकाजी, नारियल भी नहीं संभलता? बोलो जल्दी, पोहे ठंडे हो रहे."

राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. मी खुंटीपाशी गेलो, डाव्या हातानं हेल्मेट काढलं, घातलं.

"गलती मेरी नहीं थी. ये पैर बदलवाओ."

"तो घर बैठो."

"कल आऊंगा."

या वेळी कुणी हसलं नाही. जिलेबीलाही कुणी हात लावला नाही, आणि हे इंदूर आहे.

परदेशीपुऱ्यात घरी पोचलो, तरी हेल्मेट डोक्यावरच. बायको कणीक मळत होती. सगळं सांगितलं आणि काढायला हात वर नेला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उद्या हेच घालून जायचं. पण एकटं नाही. खुंटीवर अजून तीन आहेत ना? ती तुमच्या गोदामातलं कोण घालणार, ते आत्ताच घरोघरी जाऊन विचारू. हात धुते, चला."