दाजींची टिचकी

अमेरिकेच्या दक्षिणेत, हॉ नदीकाठच्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत बँजो बनवणारा एकच माणूस उरला होता: माझ्या थोरल्या बहिणीचा, व्हेस्टाचा, नवरा लेम्युएल. बँजोही जुन्या चालीचे, त्यांचे पणजोबा गुलामीत असताना बनवायचे तसे. परसातल्या वेलाचा भोपळा कापायचा, त्यावर बकरीचं कातडं ताणायचं, पडदे नसलेली दांडी बसवायची आणि आतड्याच्या तारा ओढायच्या, त्यांतली एक आखूड, अंगठ्याने छेडायची. शेवटी दाजी कातड्यावर टिचकी मारून कान लावत आणि बँजो गिऱ्हाइकाच्या हाती देत. स्वतः कधी वाजवत नसत. तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. या माणसाने जन्मभर तळं राखलं आणि ओठ कोरडे ठेवले.

त्याला कारण आमचे वडील. चर्चमधलं मोठं प्रस्थ. मुलीला मागणी घालायला आलेल्या लेमला त्यांनी सांगितलं, "बँजो सैतानाचा. पोरगी हवी असेल तर बायबलवर हात ठेव आणि वाजवणं सोड." बनवायला मात्र ना नव्हती, कारण गोरी गिऱ्हाइकं रोख पैसे देत. त्या पैशातून चर्चवर छप्पर चढलं, तेव्हा सैतान कुणाला आठवला नाही.

मक्याची कणसं सोलायला जमलेल्या गर्दीत लेमने वाजवलेल्या ज्या गाण्यावर व्हेस्टा भाळली होती, ते गाणं लग्नाआधीच संपलं.

वडील जाऊन खूप वर्षं झाल्यावर व्हेस्टा अंथरुणाला खिळली. म्हणाली, "लेम, ते कणसांच्या वेळचं वाजव की रे एकदा. आता कोण बसलंय अडवायला?"

"गिऱ्हाइकाच्या बँजोवर नको. तुझ्यासाठी नवा बनवतो."

बनवला. मग म्हणे, कातडं ओलं आहे. रोज टिचकी मारायचे आणि मान हलवायचे, "अजून वाळलं नाही."

"मी वाळून कोळ झाले, तुझी बकरी काही वाळत नाही," व्हेस्टा म्हणायची.

एका दुपारी मीच तो बँजो खुंटीवरून काढला आणि कातडं दाबून पाहिलं. खडखडीत वाळलेलं. मी तो त्यांच्या मांडीवर आदळलाच. "दाजी, कुणाला फसवताय?"

ते वाजवायला लागले. बोटं अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. अंगठा आखूड तारेवर वेळेत पोचेना.

"विसरलो गं," ते व्हेस्टाला म्हणाले. "तू म्हणालीस त्याच दिवशी कोठारात बसून बघितलं होतं. येत नाही."

मला वडिलांचा असा संताप आला की ते जिवंत असते तर तोंडावर बोलले असते.

व्हेस्टा मात्र हसली. "राहू दे. रोजच्यासारखी टिचकी मार. संसारभर तीच तर ऐकली."

त्यांनी मारली. त्याच आठवड्यात ती गेली.

तिला पुरताना पाद्री म्हणाले, "बंधू लेम्युएल म्हणजे दिल्या शब्दाला जागलेला माणूस." सगळी मंडळी आमेन म्हणाली. दाजीही म्हणाले. मी तेवढी गप्प राहिले.