विहाराच्या पायरीवर रेंज येते

आमच्या वस्तीत मोबाईलची रेंज फक्त बुद्धविहाराच्या पायरीवर येते. टॉवर खाडीपलीकडच्या डोंगरावर आहे आणि मधे एक टेकडी आडवी येते. ही टेकडी हटवा अशी मागणी आम्ही अजून केलेली नाही, बाकीच्या करून झाल्या. नवा टॉवर द्या, हे निवेदन मी स्वतः तालुक्याच्या गावी, तळ्याला, तहसील कचेरीत नेऊन दिलं. पोच मिळाली. टॉवर मिळाला नाही.

त्यामुळे दिवेलागणीला सगळी वस्ती पायरीवर येऊन बसते. कुणाचा नवरा मुंबईला, कुणाचा मुलगा उरणला कंटेनरच्या गाड्यांवर, कुणाची सून पनवेलच्या दवाखान्यात कामाला. त्यांचे फोन तेव्हा येतात आणि ते स्पीकरवर घेतले जातात. म्हाताऱ्यांना त्याशिवाय ऐकू येत नाही, आणि तरुणांना, आपलं सगळे ऐकतायत याची सवय झालेली आहे. फोन एकाचा आला तरी बोलतात सगळे. हा उद्धटपणा नाही, रीत आहे. उलट कुणी गप्प बसून ऐकायला लागलं तर लोकांना संशय येतो.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंकडे राहून त्यांचं सगळं करते. महिन्यातून एकदा घरी येते. तिची मुलगी आठवीत आहे. ती इथे माझ्याकडे आणि माझ्या आईकडे असते. मायलेकींचं रोजचं बोलणं असं व्हायचं:

"जेवलीस का गं?" बहीण फोनवरून विचारायची.

"हो."

"कसली जेवते! चिमणीएवढं खाते," वरच्या पायरीवरून शेजारची काकी.

"तुझ्यावरच गेलीय," फोन हातात धरलेली माझी आई. "तू तरी कुठं जेवायचीस?"

"शाळेत काय चाललंय?"

"बरं चाललंय."

"गणितात नापास झाली ती!" काकीची मुलगी. ती भाचीच्याच वर्गात आहे.

"नापास नाही. काठावर पास," भाची म्हणायची. त्या फोनमधलं तिचं सगळ्यात लांब वाक्य ते. पोरगी मुळातच अबोल आहे, असं आमचं सगळ्यांचं ठरलेलं होतं.

आता पत्रकाबद्दल. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते आहे: पाण्याचं, रेशनचं, शिष्यवृत्तीचं. मोबाईलचं पत्रक लिहायला कारण घडलं. शेजारच्या गावात नववीतल्या एका मुलीचा फोटो कुणीतरी काहीबाही करून फिरवला. मुलीची शाळा सुटली. फिरवणाऱ्याची सुटली नाही. तो आजही दप्तर घेऊन रस्त्यानं शीळ घालत जातो. हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं आणि डोकं फिरलं की मी लिहायला बसते. 'पालकांनो, जागे व्हा! मुलांच्या हाती मोबाईल नको, पुस्तक द्या!' दोन्ही वाक्यांना उद्गारचिन्ह. दहावी होईपर्यंत वस्तीतल्या कोणत्याही मुलाला स्वतःचा स्मार्टफोन देऊ नये, असा ठराव पंचकमिटीपुढे मांडायचाही मजकूर त्यात घेतला.

मजकूर मी सांगत होते आणि माझ्या मोबाईलवर टाईप भाची करत होती. मला जोडाक्षरं सापडत नाहीत, तिला सापडतात. पत्रकाला निळी चौकट तिनंच टाकली, वर उघड्या पुस्तकाचं चित्रही.

"मावशी, दहावीपर्यंत का?" तिनं मधेच विचारलं.

"कुठेतरी रेघ मारावीच लागते."

"मग सातवीवर मार ना."

"टाईप कर," मी म्हटलं. तिनं केलं. एकही चूक नव्हती.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर ठराव विहारात मांडला. हात वर करून मंजूर झाला. ज्यांचा एक हात वर होता त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाईल होता, हे मी पाहिलं, पण मोठ्यांबद्दल ठराव नव्हता. कमिटीच्या अध्यक्षकाकांनी विहाराच्या भिंतीवर रंगानं लिहून घेतलं: दहावीपर्यंत मोबाईल नाही. त्याचा फोटो काढून वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो काकांना टाकता येत नव्हता, म्हणून काकीच्या मुलीनं टाकून दिला.

मी अडमुठी नाही. मुलीला अडीअडचणीला फोन हवा, हे मला कळतं. म्हणून तळ्याच्या बाजारातून मी भाचीसाठी साधा बटणांचा फोन आणला. बोलता येतं, ऐकता येतं, रील्स नाहीत, फोटो नाही. मला हा तोडगा इतका पसंत पडला की यावरही एक पत्रक काढावं असं मनात आलं. भाची "थँक्यू मावशी" म्हणाली आणि फोन तिनं फडताळात ठेवला. तो तिथेच राहिला. आईनं त्याच्यावर हळदीकुंकवाचा... नाही, आमच्याकडे ते नसतं. रेशनकार्डाची पिशवी ठेवली. मग तो दिसेनासाही झाला.

एकदा पिशवी काढताना तो खाली पडला आणि मी भडकले. "वापरायचा नव्हता तर घेतलास कशाला? की टचस्क्रीनच पाहिजे महाराणींना?"

ती तांदूळ निवडत होती. ताटातून नजर न उचलता म्हणाली, "यात बोलावं लागतं."

"फोनमध्ये बोलतातच."

"पायरीवर बसून बोलावं लागतं. सगळे ऐकतात. मला मम्मीला लिहायचंय."

"काय लिहायचंय?"

तिनं मान वर केली. मी हा प्रश्न विचारावा, याचं तिला नवल वाटलं असावं. "ते तुला सांगायचं असतं तर पायरीवरच नसतं का सांगितलं?"

मग तिनं मला तिचं गणित समजावलं. या गणितात ती काठावर पास नव्हती. स्मार्टफोनवर घरी बसून लिहिता येतं. लिहिलेलं तसंच थांबतं, बाजूला छोटं घड्याळ दिसतं. मग पायरीवर यायचं, फोन थोडा उंच धरायचा, घड्याळ गेलं की मजकूर मम्मीकडे पोचला. तोंड उघडावंच लागत नाही. बटणांच्या फोनवर मराठी अक्षरंच नाहीत, आणि मम्मीला इंग्रजी अक्षरांतलं वाचता येत नाही. आजीचा फोन मागावा तर त्यावर आलेलं आजी काकीकडून वाचून घेते. माझा मागावा तर तो दिवसभर माझ्याबरोबर हिंडतो. किती दिवस ती हे मनात घोळवत होती कोण जाणे. आणि जे लिहायचं होतं ते तरी किती दिवस.

पत्रकातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही, हे इथे स्पष्ट करते. फोटो फिरवणारा अजून फिरतोच आहे. पण लिहिणं हा प्रत्येकाचा हक्क आहे असं मी गावोगाव सांगत हिंडायचं आणि माझ्याच घरातल्या मुलीला आईला चार ओळी लिहायला जागा नसावी, हे चालणार नव्हतं. मुलगी किती वर्षांची झाली की मोबाईल द्यायचा, एवढाच प्रश्न आम्ही विहारात विचारला होता. तिला तो कशाला हवाय, हे एकानंही विचारलं नव्हतं. विचारायचंच तर ती टाईप करत माझ्या शेजारीच बसली होती.

पुढच्या बैठकीत मी उपसूचना मांडली. ज्या मुलांची आई किंवा वडील कामासाठी बाहेरगावी राहतात, त्यांना घरच्यांच्या देखरेखीखाली स्मार्टफोन वापरता यावा. फोटो टाकायचे नाहीत, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, रात्री फोन मोठ्यांकडे.

"आपलाच ठराव आन आपलीच उपसूचना," काकी म्हणाली. "पत्रक फाडू का ठेवू?"

"ठेव. मागे कोरं आहे, हिशेबाला होईल."

अध्यक्षकाकांनी विचारलं, "मग कुणाकुणाचं माणूस बाहेर हाय?"

हात वर झाले. मुंबई, पनवेल, उरण, रोह्याच्या कंपनीत, एक मस्कतला. आधीच्या ठरावाला होते तितकेच हात, बहुधा तेच. काकांनी सगळीकडे नजर फिरवली. एकच माणूस हात खाली ठेवून बसला होता. हा गावातच शेती करतो, बायकोही इथेच, मुलगा सहावीत.

"म्हंजे ठराव फक्त माझ्या पोराला?" तो उभा राहिला.

"तसंच दिसतंय," काका म्हणाले.

"मग मीबी जातो मुंबईला. पोराच्या मोबाईलसाठी."

"जा की," त्याची बायको मागून म्हणाली. "कधी निघताय?"

विहारात एवढं मोठ्यानं हसू नये असा संकेत आहे. तो त्या दिवशी पाळला गेला नाही. उपसूचना मंजूर झाली. भिंतीवरची ओळ पुसली नाही, रंग चांगला आहे. तिच्याखाली खडूनं लिहिलं: बाहेरगावचे सोडून.

ताईनं तिचा जुना फोन पाठवला, काचेला तडा गेलेला. त्या संध्याकाळी भाची पायरीवर आली ती फोन छातीशी धरूनच. भोवती नेहमीचा बाजार होता. कुणी मोटारीचा हप्ता विचारत होतं, कुणी कोळंबीचा भाव. तिनं हात उंच केला. जरा वेळानं खाली घेतला, पाहिलं, आणि बसली.

"काय लिवलंस गं?" आईनं विचारलं.

"काही नाही."

"एवढा येळ घरात काही न्हाय लिवत होतीस?"

"आई, ते तिचं आहे," मी म्हटलं.

"तिचं, तर मग माझं काय?" आई म्हणाली आणि तिनं स्वतःच्या फोनवरून ताईला लावला. स्पीकरवर. ताईनं उचलला नाही. तिच्याकडे तेव्हा वाचायला काहीतरी होतं.

भाचीच्या फोनवर उत्तर आलं ते बऱ्याच वेळानं. तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि फोन पालथा करून मांडीवर ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेना. मी नीट बघत होते.

ताईच्या महिन्याच्या सुट्टीला अजून अवकाश होता. तरी ती त्याच आठवड्यात आली. चहा घेतला, आईला औषधं दिली आणि भाचीला घेऊन खाडीच्या बांधावर गेली. तिथे दोघी पाय सोडून बसल्या. बोलत होत्या, मुख्यतः भाचीच. हात हलवून हलवून बोलत होती. अबोल पोरगी.

पायरीवरून बांध सरळ दिसतो. काकी माझ्या शेजारी येऊन टेकली.

"काय बोलत असतील गं?"

"ऐकू येत नाही."

"तेच तर," काकी म्हणाली. त्यात तक्रार होती.