दीड फुटी मूर्ती इंटिजरमध्ये

मागच्या बुधवारी हमरापूरला आमच्या कारखान्यात हातात ब्रश घेऊन मी तब्बल दहा मिनिटं नुसती बसून होते. समोर दीड फुटाची शाडूची गणेशमूर्ती, डोळ्यांची आखणी बाकी... आणि डोक्यात एकच विचार, होऊ दे एकदा फजिती!

फजिती कोणाची? माझ्या धाकट्या जावेची, स्नेहलची.

ती रोह्याची. लग्नाआधी तिकडे एका कंपनीत स्टोअरला होती, त्यामुळे कॉम्प्युटर तिला नवा नाही. जानेवारीपासून आम्ही दोघी शनिवार-रविवार पेणला प्रोग्रॅमिंगच्या क्लासला जातो. कल्पना माझी होती हो, फॉर्मही मीच आणला. तिला म्हटलं, चल सोबतीला... इथेच चुकलं माझं.

सर शिकवायचे, पूर्ण आकडा असेल तर इंटिजर, पॉइंटवाला असेल तर फ्लोट, नुसतं हो किंवा नाही असेल तर बुलियन. मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची आणि घरी येईपर्यंत विसरायची. स्नेहल काहीच लिहायची नाही आणि तिला सगळं यायचं. ‘जर-नाहीतर’ शिकवलं त्या दिवशी सरांनी तिचा स्क्रीन सगळ्या वर्गाला दाखवला. माझ्या स्क्रीनवर तेव्हा लाल अक्षरं होती. मी जळले... दुसरा शब्द नाही.

वीस वर्षं या कारखान्यात डोळे मीच काढते. मूर्ती सुकली की नाही तेही मीच सांगायची. महिन्याभरात स्नेहलनं त्यावर प्रोग्रॅम केला. मूर्तीची उंची आणि घडवल्याची तारीख टाकायची. उंची एक फुटापेक्षा जास्त असेल तर बारा दिवस सुकवा, नाहीतर सात. रोज सकाळी रंगाला तयार मूर्तींची यादी मोबाईलवर हजर! घरात नुसतं कौतुक. सासूबाई तर येईल त्याला सांगायच्या, “आमच्या धाकटीचं डोकं लय चालतं हां!” आणि मला आता कोणी काही विचारेना.

सोमवारी यादीत अकरा मूर्ती आल्या. मी सवयीनं एकीच्या पाठीला हात लावला... गार. आत ओल असली की माती गार लागते. दुसरी गार, तिसरीही गार. अकराच्या अकरा दीड फुटाच्या, यादी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच आलेल्या.

सगळ्या दीड फुटाच्याच का, म्हणून मी विचार करत बसले आणि एकदम लख्ख कळलं. बाईसाहेबांनी उंची इंटिजरमध्ये ठेवली होती! दीडमधलं पॉइंट पाच गळून पडलं, उरला एक. एक काही एकापेक्षा जास्त नाही, म्हणून सात दिवस. तिनं तपासून बघितलं असणार एक फूट आणि दोन फूट टाकून, तिथे उत्तर बरोबरच येतं. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त खपतात त्या दीड फुटी, त्याच राहिल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मला प्रोग्रॅमिंग कळलं होतं... आणि मी गप्प बसले. ओल्या मातीवरचा रंग फुगतो, मग पापुद्रे सुटतात. सुटू देत, म्हटलं. मग कळेल सगळ्यांना कोणाचं डोकं किती चालतं ते.

मंगळवारी अकरा मूर्तींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात बसला. मी बघत होते. बुधवारी त्यातली एक नमुन्यासाठी पूर्ण रंगवून आखणीला माझ्याकडे आली.

ब्रश टेकवला की झालं असतं. पण आमच्याकडे डोळे उघडेपर्यंत ती माती, तो माल. डोळे उघडले की तिला कोणी माल म्हणत नाही, तिच्याकडे पाय करून बसत नाही. माझ्या हातानं डोळे उघडायचे आणि मग त्याच चेहऱ्याचे पापुद्रे निघताना बघायचे, तेही जावेची जिरवायला? हात उचलेना.

शेवटी सगळ्यांसमोरच विचारलं, जरा खोचकपणेच. “उंची इंटिजरमधे ठेवलीस काय गो?”

स्नेहलनं लॅपटॉप उघडला आणि पांढरीफटक पडली. “व्हय ताई... फ्लोट पाहिजे होतं.” मिनिटभरात तिनं दुरुस्त केलं. सासूबाई म्हणाल्या, “बघ, किती पटकन सुधारलं तिनं!” घ्या... इथेही तिचंच कौतुक!

मग दोन दिवस आम्ही दोघी पॉलिश पेपर घेऊन अकरा मूर्तींचा रंग उतरवत बसलो. ती दर थोड्या वेळानं सॉरी म्हणत होती. मी काहीच म्हणत नव्हते.

शनिवारी सकाळी यादी आली तर प्रत्येक मूर्तीपुढे एक नवा प्रश्न होता. ‘ताईंनी हात लावला? हो / नाही.’ दिवस भरले असले तरी तिथे ‘हो’ आल्याशिवाय मूर्ती रंगाला जात नाही. मला न विचारता घातलं तिनं ते. म्हणाली, “ताई, दिवस मला मोजता येतात. गार लागतं ते मला नाय कळत.”

हेवा गेला का? नाही. कालच तिला सरांनी पुढच्या बॅचला शिकवायला मदत कर म्हटलं आणि माझं जेवण गोड लागलं नाही.

पण स्नेहल, तू ही पोस्ट वाचशीलच, म्हणून समोर बोलायला जीभ रेटत नाही ते इथे लिहिते. मला बुधवारी नाही, सोमवारीच कळलं होतं. तू दोन दिवस जे सॉरी म्हणत होतीस ना... ते मी म्हणायला हवं होतं.