आत झुकलेल्या भिंतींचं जहाज

जहाज तिसऱ्यांदा उलटलं, तेव्हा ग्रेग माझ्या मागेच उभा होता. ग्रेग माझा मॅनेजर. एका म्युझियमसाठी आम्ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या फ्रेंच युद्धनौकेचं सिम्युलेशन करत होतो. लोकांनी स्क्रीनवर तोफा डागायच्या, शत्रूचा मारा झेलायचा आणि जहाज बंदरात आणायचं, अशी कल्पना. पाण्याचं सगळं फिजिक्स माझ्याकडे. पण एका बाजूला भोक पडून पाणी शिरलं की आमचं जहाज जरासं कलायचं, थांबायचं आणि एकदम पालथं व्हायचं.

ग्रेगचं म्हणणं सरळ होतं. गुरुवारी डेमो आहे, बग सापडत नसेल तर एखादा आकडा वाढव आणि जहाज तरंगत ठेव. मी दोन दिवस मागितले.

कोड ओळीओळीने तपासला. बग नव्हता. मग जहाजाच्या जुन्या ड्रॉइंग्जच्या प्रिंट घेऊन ओळखीच्या साठेकाकांकडे गेले. काका इथे अमेरिकेत, रेडमंडमध्येच मुलीकडे राहतात. मुंबईच्या गोदीत त्यांनी पस्तीस वर्षं जहाजं डिझाइन केली. फ्रेंच त्यांना येत नाही. पण डायनिंग टेबलवर कागद पसरले आणि ते एकेक रेघ वाकून पाहत गेले. चहा गार झाला.

"हे सगळं हाताने काढलंय, अनुजा," एवढंच म्हणाले.

एकेक रिव्हेट जागेवर होता. पुढे एक आणि मागे एक, फूटभर रुंद तोंडाची तोफ. मध्यावर दोन्ही कुशींना त्याहून थोडी लहान, एकेक. वरून पाहिलं तर पतंगाचे चार कोपरे. आणि जहाजाच्या भिंती पाण्यापासून वर जाताना आत झुकत गेलेल्या. का, ते काकांनी बोट फिरवून दाखवलं. भिंत आत गेली की कुशीतली तोफ बाहेर डोकावते, मग तिला थेट पुढे किंवा मागेही मारा करता येतो. शत्रू समोरून येवो की बाजूने, चारांतल्या तीन तोफा त्याच्याकडे. शिवाय वरचं वजन कमी. कॉम्प्युटर नसताना कुणीतरी हे सगळं डोक्यात बसवलं होतं.

"मग चूक कुठे आहे, काका?"

"पाण्यालाच विचारू या."

त्यांनी जावयाच्या गॅरेजमध्ये लाकडाचे दोन ठोकळे कापले. एकाच्या भिंती सरळ, दुसऱ्याच्या आत झुकलेल्या. वजन सारखं. ते बाथटबमध्ये सोडले आणि दोन्हींच्या एकाच कडेला एकेक लोखंडी नट ठेवत गेलो. सरळ भिंतींचा ठोकळा कलला की त्याची रुंद कूस पाण्यात शिरायची आणि पाणी तिला वर ढकलायचं. दुसऱ्याची कूस आत गेलेली, पाण्याला ढकलायला तिथे फारसं काही मिळतच नव्हतं. सहाव्या नटाला तो जरासा कलला, थांबला आणि आवाज न करता पालथा झाला. अगदी स्क्रीनवरच्यासारखा.

मग काकांनी सांगितलं, की याच घडणीचं एक जहाज पहिल्या महायुद्धात पाण्यातल्या सुरुंगावर आदळून दोन-तीन मिनिटांत उलटलं. सहाशेहून जास्त माणसं गेली.

"खाली बॉयलरपाशी असलेल्यांना जिना चढायलाही वेळ मिळाला नसेल," ते म्हणाले आणि ठोकळा हळूच सुलटा केला.

ग्रेगला मी ठोकळ्यांचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला. आकडा तसाच ठेव म्हणाला, पण क्लायंटला तूच सांग.

गुरुवारी म्युझियमच्या बाईंनी स्वतः खेळून पाहिलं. जहाज उलटल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. वाचवता आलं असतं का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "ड्रॉइंग बोर्डवर. त्यानंतर फार कठीण होतं."

बंदर गाठायचा खेळ त्यांनी कॅन्सल केला. आता तिथे लोक भिंतींचा झुकाव आणि तोफांच्या जागा ठरवून स्वतःचं जहाज बनवतात. बहुतेक जण तोफांच्याच नादी लागतात आणि बुडतात.

मी शिकले ते एवढंच: उत्तर आवडलं नाही म्हणून त्याला बग म्हणू नये.