एक भाकर जास्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाय. नवऱ्याला नाय, लेकाला तर नायच. तुम्हाला सांगते — मधी बोलू नका, नायतर परत राहून जाईल.

माझी सून शोभा. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी घावायची नाय! करमाडला टँकर आला की पोट सांभाळत दोन-दोन हंडे भरायची, वर हसायची. व्हय, पोटुशी होती तवा. दुष्काळाचं साल. लेक शेंद्र्याच्या कंपनीत नवाच लागलेला.

तपासणीला तिला मीच नेलं. ती कपडे सावरत आत होती, तवा नर्सबाई मला म्हणाली, "मावशी, पोरगी वाळलीय. रोज एक भाकर जास्त द्या." आणि मी घरी काय सांगितलं? — "नर्सबाई म्हणली, कमी खा. पोर मोठं झालं तर बाळंतपणात अडतंय." आमच्याकडं म्हाताऱ्या बाया असं म्हणतातच, त्यामुळं शोभानं लगेच मानलं. का बोलले मी असं? दुष्काळावर ढकलू? ज्वारी सरत आली होती, हे खरं. पण लेकाच्या डब्यात तीन भाकरी जातच होत्या की! कमी पडली ती फक्त तिला.

आरती जन्मली, जेमतेम दोन किलोची. आता अकरा वर्षांची झालीय, आणि पोट लई सुटलंय. शोभा पदर खोचून रोज सकाळी तिच्यासंगं नव्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर पळते. मला तर नुसतं बघूनच दम लागतो. काय बाई आहे!

परवा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गरोदरपणात आईचं खाणं कसं होतं? म्हणाल्या, आई अर्धपोटी राहिली तर मूल पोटातूनच चरबी साठवायला शिकतं — असं होऊ शकतं. शोभा म्हणाली, "मलाच भूक नव्हती."

भूक नव्हती? पातेल्याची खरवड खाताना पाहिलंय मी तिला!

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, नर्सबाईचं नाव का नाय घेतलंस? आरतीचे केस नीट करत ती म्हणाली, "आत्याबाई, हिला डोस पाजायला त्या घरी आल्या होत्या. तवाच कळलं मला."

म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षं तव्यावरची पहिली भाकर तिनं माझ्याच ताटात वाढलीय, वर तूप. आणि मी खात आले. आज सकाळीही खाल्ली.