शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

तात्या गेले तेव्हा त्यांच्या घरात त्यांच्या गाण्यांची एकही पूर्ण वही सापडली नाही. देवळाली प्रवरेपासून पार नेवाशापर्यंतच्या गायन पार्ट्या भीमजयंतीला, लग्नाला, गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाला त्यांचीच गाणी म्हणत होत्या. पण तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. उसाची गाडी काट्यावर उभी राहिली की रद्दी पावतीच्या पाठीमागे दोन ओळी लिहायच्या, गाणं पुरं झालं की मागायला आलेल्याच्या हातात तोच कागद द्यायचा. नक्कल ठेवायची सवय नव्हती.

आम्ही दहा-बारा जणांनी ती गाणी इंटरनेटवर जमवायचं ठरवलं. एक पान काढलं, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. यादीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे आणि घरच्या गॅस सिलिंडरचीसुद्धा तारीख लिहून ठेवते. रकाने आखले: पहिली ओळ, कवी, चाल, कुणाकडून मिळालं, तपासलं की नाही. नियमही मीच केला. आपल्याकडे कवी शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचं नाव गुंफतो. ज्या गाण्याच्या शेवटी तात्यांचं नाव, ते तात्यांचं. दुसऱ्याचं नाव निघालं तर गाणं बाहेरच्या यादीत. कामाला वेग आला आणि मी खूश होते.

‘काट्यावरती ऊस तोलला, माणूस कोण तोलील’ या गाण्यापाशी मात्र अडलं. वजनकाट्यावरच्या माणसाशिवाय हे कुणाला सुचणार? पण शेवटी नाव होतं घोडेगावच्या एका म्हाताऱ्या गायकाचं. ग्रुपवर एकाने लिहिलं, “बाबानं नाव बदलून गाणं ढापलं की!” हसण्याची चित्रं पडली. मी ते गाणं पानावर घेतलं आणि खाली कार्यालयीन भाषेत टीप दिली: सदर गायकाने मूळ कवीचे नाव काढून स्वतःचे घातले आहे.

महिन्याभराने यादी तपासून घ्यायला मी तात्यांच्या पत्नीकडे गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी एकेक पहिली ओळ वाचायची आणि त्यांनी मान डोलवायची. काट्याच्या गाण्याखालची टीप ऐकली आणि त्यांची मान थांबली.

“ह्ये कुनी लिवलं?”

“मी, मावशी.”

“मंग तूच पूस. गानं ह्यांनीच लिवलं, आन् त्याचं नाव बी ह्यांनीच घातलं. नव्या पार्टीला लोक इचारत्यात, तुमचा कवी कोन? म्हनून ज्याची पार्टी त्याचं नाव टाकून द्यायचे. मी भांडायची. तर म्हनायचे, माजं नाव कारखान्याच्या हजेरीत हाय की, गान्यात कशाला पायजे?”

त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “परवा त्याच्या सुनेचा फोन आलता. तिनं तुमचं त्ये मोबाईलवरचं वाचून दावलं तवापासनं मामांनी पेटीला हात लावला न्हाई म्हनली. शेजारी लगीन हुतं, तितं बी गायला न्हाई गेले.”

बाजाराचा दिवस टाळून मी घोडेगावला गेले. तो म्हातारा गायक जनावरांच्या बाजारात बांधायचे दोर, कासरे आणि म्होरक्या विकतो. ओसरीवर दोर वळत बसला होता. मी कोण ते सांगितलं. त्याने दोर खाली ठेवला नाही.

“चोराकडं आलात व्हय बाई? सामान मोजून घ्या जाताना.”

मी म्हटलं, “बाबा, चूक माझी आहे. मावशींनी सगळं सांगितलं.”

त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग आत गेला आणि पेटीच्या खोक्यातून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत पिवळी पडलेली पावती होती. एका बाजूला गाडीचं वजन, दुसऱ्या बाजूला तात्यांचं ते उजवीकडे कललेलं अक्षर. शेवटच्या ओळीत म्हाताऱ्याचं नाव. मी कागद उन्हात धरून खाडाखोड शोधली, सवयच ती. एकसुद्धा नव्हती. तीच शाई, तोच हात.

“हा कागद आधीच का नाही दाखवला?”

“तात्या म्हनले हुते, कुनाला सांगायचं न्हाई.”

“पण तात्या आता नाहीत.”

“त्ये न्हाईत. शबूद मी दिल्ता, मी हाय की.”

मी पावती परत पिशवीत घातली. एकाने आपलं नाव काढून दिलं, दुसऱ्याने ते गुपित राखण्यासाठी चोर म्हणवून घेतलं, आणि दोघांनाही यात काही मोठं केल्यासारखं वाटत नव्हतं.

“अशी अजून किती आहेत?” मी विचारलं.

“माज्याकडं अकरा. कागद वाळवीनं खाल्ले. पर तोंडात हायेत.” मग नेवासा, राहुरी, श्रीरामपूरकडच्या पार्ट्यांच्या प्रमुखांची नावं तो बोटांवर मोजत सुटला. मी मोबाईलवर बाहेरची यादी उघडली. तो म्हणेल ते नाव तिथे सापडत होतं. दोन पानं भरून मी ज्यांची गाणी बाहेर काढली होती, त्या प्रत्येकाला तात्यांनी बोलावून एकेक गाणं दिलं होतं. आपल्या नावाशिवाय. मी ती नावं वरून खाली वाचली, पुन्हा वाचली.

तिथेच बसून मी टीप काढून टाकली. कवीच्या रकान्यात तात्यांचं नाव घातलं. शेवटची ओळ आहे तशीच ठेवली. मग ग्रुपवर आणि पानावर टाकायचा माफीचा मजकूर लिहून त्याला वाचून दाखवला: आमच्याकडून चुकून या गायकावर आरोप झाला.

त्याने हात वर केला. “‘चुकून’ ह्यो शबूद काढा.”

“मग काय लिहू?”

“‘न इचारता’ लिवा.”

मी शब्द बदलला, मजकूर पाठवला आणि तसं त्याला सांगितलं. त्याने सुनेला पेटी बाहेर आणायला लावली.